हनुवटीवरचे केस आणि धुऱ्यावरची हरळी

मागे या सदरात धुऱ्यावरच्या हरळीबद्दल लिहिले होते. वरवर खुरपून हरळी जात नाही, उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचाव्या लागतात, असा त्यातला मजकूर होता. त्यावर जी पत्रे आली त्यांत एक बिननावाचे होते. वहीचा फाडलेला कागद, अक्षर बाईचे, शिक्का सावनेरच्या पोस्टाचा. "मॅडम, तुम्ही हरळी कशी काढायची ते सांगितले. माझ्या हनुवटीवर केस येतात, ते कसे काढायचे तेही सांगा. नाव छापू नका." नाव छापण्याचा प्रश्नच नव्हता, ताईंनी ते लिहिलेच नव्हते.

आधी हसू आले. कागद पुन्हा वाचला तेव्हा हसू गेले, कारण एक जुनी गोष्ट आठवली. ती माझ्याच चुकीची आहे, म्हणून आधी सांगून टाकते.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातल्या एका गावी गुलाबी बोंडअळीची सभा होती. कामगंध सापळे कसे टांगायचे ते मी दाखवत होते. सभा आटोपली, पुरुषमंडळी चहाकडे वळली, पण एक बाई माझ्या पिशवीपाशी रेंगाळत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, एक इचारू का जी? माह्या पोरीले दाढीवानी केस येऊन राह्यले. कोनाले दाखवू?" मुलगी अकरावीत. जीप उभी होती आणि पुढच्या गावची माणसे वाट पाहत होती. मी म्हणाले, "वयात येताना होते असे. जाईल आपोआप. तिला अभ्यासात लक्ष घालायला सांगा." बाई "बरं जी" म्हणाली आणि गेली. कपाशीचे पान लाल पडले असे कोणी सांगितले तर मी शेतात जाऊन झाड उपटून मुळी पाहते. इथे मी मुलीचे तोंडसुद्धा पाहिले नाही.

पुढच्या हंगामात त्याच गावी गेले तेव्हा ती बाई स्वतःहून आली नाही. मीच तिच्या घरी गेले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी, घरातल्या घरात डोळ्यांपर्यंत ओढणी. मी "जाईल" म्हटलेले गेले नव्हते. आईने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती, दुकानदाराने "चेहऱ्यासाठी चांगली" म्हणून दिलेली. पंधरा दिवसांत तोंड उजळले, मायलेकी खूश झाल्या, तीन-चार महिने लावत राहिल्या. मग चेहरा लाल पडला, उन्हात गेले की आग होऊ लागली, फोड आले, आणि केस पहिल्यापेक्षा जास्त झाले. बारावीची परीक्षा मुलीने दिलीच नाही. बसमध्ये पोरे काय म्हणत ते तिने आईलाही सांगितले नव्हते.

जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो मी तेव्हा विचारला. पाळी महिन्याच्या महिन्याला येते काय? आई म्हणाली, "नाही जी. चार-चार महिने येत नाही. मले वाटलं, बरंच आहे, तरास नाही."

भगिनींनो, चेहऱ्यावरच्या केसांचे असे आहे. आपण पाहतो ओठाकडे आणि हनुवटीकडे, काशी गेलेली असते दुसरीकडेच. मी दोघींना घेऊन नागपूरला मेडिकलमध्ये गेले. पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी काशीची ओळख करून घेऊ.

तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर माणसाच्या जवळजवळ सगळ्या अंगावर लव असते. ती मऊ, आखूड आणि फिकी असते, तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. वरच्या ओठावर, हनुवटीवर, गालाच्या कडेला किंवा गळ्यावर काळे, जाड, राठ केस येऊ लागले तर ती मात्र वेगळी बाब. लवीचा केस करणारा कारभारी म्हणजे संप्रेरक. संत्र्याच्या बागवाल्यांना संप्रेरक समजावून सांगावे लागत नाही. आंबिया बहाराची फळगळ थांबवायला आपण जिबरेलिक आम्ल फवारतो, ते शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम. दीड ग्रॅम म्हणजे चिमूटभर, पण झाडावरचे देठ त्याचे ऐकतात. बाईच्या अंगातही पुरुषी संप्रेरके असतात. अंडाशय आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी ती बनवतात, पुरुषाच्या मानाने अगदी थोडी. ते थोडे जरासे वाढले, किंवा तेवढेच असूनही केसाच्या मुळाने त्याचे जास्तच ऐकले, की लवीच्या जागी राठ केस उभा राहतो. म्हणून ज्या बाईला दाढीचे केस येतात ती बाई कमी आणि पुरुष जास्त, असा अर्थ कोणी काढू नये. हा चिमटीतला फरक आहे.

तरण्या मुलींत याचे सगळ्यांत मोठे कारण म्हणजे पीसीओडी. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांची हकीकत लिहून हा विकार जगापुढे मांडला. अंडाशयात बीजे पिकायला घेतात पण पुरी पिकत नाहीत, पाळी लांबते, पुरुषी संप्रेरक वाढते, तोंडावर फोड आणि केस येतात. पुष्कळ जणींचे वजन वाढते, मानेच्या मागे मळ बसावा तशी काळी जाड वळी दिसते. ती घासून जात नाही, मुलीला "नीट आंघोळ कर" म्हणून रागावू नका. रक्तातली साखर जिरवणारे इन्सुलिन अंगाला लागू पडेनासे झाले की शरीर ते आणखी ओतते, आणि ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक बनवायला चिथावते. म्हणूनच या मुलींना पुढे मधुमेहाचे भय असते, आणि म्हणूनच वजन जास्त असेल तर ते शेकडा पाच ते दहा उतरले तरी पाळी पुष्कळदा वळणावर येते. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीची पहिली दोन-तीन वर्षे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल तर दाखवावे.

सगळ्यांचे कारण पीसीओडी नसते. काही घराण्यांत आजीला होते, आईला होते, मुलीला आहेत, पाळी घड्याळासारखी आणि तपासण्या स्वच्छ. तो घराण्याचा वारसा, नाकासारखा आणि रंगासारखा. पन्नाशीच्या आसपास पाळी गेली की बाईपणाचे संप्रेरक उतरते, पुरुषी तितकेसे उतरत नाही, म्हणून हनुवटीवर दोन-चार राठ केस उगवतात. माझ्याही आले आहेत, पर्समध्ये चिमटा असतो. फिट्सवरचे फेनिटॉइन, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मलमे, डोक्याच्या केसांसाठी लावायचे मिनॉक्सिडिल, या औषधांनीही चेहऱ्यावर केस वाढतात. पण म्हणून फिट्सची गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

एका गोष्टीला मात्र उशीर चालत नाही. चार-सहा महिन्यांत भराभर केस वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरून पुरुषासारखे टक्कल पडू लागले, पाळी एकदम थांबली, तर अंडाशयात किंवा त्या ग्रंथीत गाठ असू शकते. असे क्वचित होते. पण झाले तर पेरणी टाकून आधी दवाखाना.

बोंडअळीची आपण नुकसानीची पातळी मोजतो, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणी. केसांचीही अशी मोजणी आहे. फेरिमन आणि गॅल्वे यांनी १९६१ साली ती बसवली. हल्ली अंगाच्या नऊ जागा पाहून प्रत्येकीला शून्य ते चार गुण देतात, बेरीज आठच्या वर गेली की विकार समजून तपास करतात. डॉक्टरांनी पोट, पाठ, मांडी पाहायला मागितली तर लाजू नका, ती मोजणी चाललेली असते. पण गुण कमी निघाले म्हणून त्या मुलीचे दुःख कमी, असे मला वाटत नाही. वरच्या ओठावरचे दहा केसही माणसाला घरात बसवू शकतात.

आता काढायचे उपाय. इथेही काही जुने समज आधी वेचून टाकावे लागतील. पाते लावले की केस दाट आणि जाड येतात, असे आपल्याकडे सगळ्या आया सांगतात. हे खरे नाही. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून पाहिले. जाडी वाढली नाही, वाढीचा वेगही वाढला नाही. मग हाताला राठ का लागतो? तूर कापल्यावरचे खुंट आठवा. उगवते तुरीचे रोप पायाला टोचत नाही, कापलेले खुंट चप्पल फोडून टोचते. झाड तेच, टोक बोथट झाले एवढेच. उगवत्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे सपाट. पाते केसाच्या मुळापर्यंत पोचतच नाही, तर मुळाला कळणार कसे?

म्हणून ज्या बाईला झटपट आणि स्वस्त उपाय हवा तिने खुशाल पाते वापरावे. चेहरा ओला करून, साबणाचा फेस लावून, केसाच्या कलाने, नव्या पात्याने. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावे लागेल. पण नवऱ्याचे किंवा भावाचे रेझर घेऊ नका. पात्याला रक्ताचा न दिसणारा थेंब लागलेला असतो, त्यातून कावीळ ब आणि क सारखे रोग जाऊ शकतात. घरच्या कर्त्या पुरुषांना माझी विनंती, बाजाराला जाल तेव्हा तिच्यासाठी एक वेगळे रेझर आणा आणि आणल्यावर काही बोलू नका.

धाग्याने केस ओढणे म्हणजे थ्रेडिंग. त्यात केस मुळातून निघतो, म्हणून काही आठवडे निवांत जातात. आपल्या खेड्यांतही आता पार्लर निघाली आहेत, बहुतेक मुली हेच करतात, आणि वरच्या ओठासाठी मला हा उपाय पसंत आहे. एकच लक्षात ठेवा. पार्लरवाली धाग्याचे टोक दातात धरत असेल तर तिला ते गळ्यात बांधायला सांगा, आणि धागा आपल्यासमोर नवा तोडायला लावा. घाणेरड्या धाग्याने पुळ्या होतात, चामखीळही पसरते. तोंडावर पिकलेले फोड असतील तेव्हा धागा नको. दोन-चार केसांना चिमटा पुरे, स्पिरिटने पुसून घ्यावा. वॅक्स किंवा घरचा साखर-लिंबाचा पाक हातापायांना ठीक, चेहऱ्याची कातडी पातळ असते. पाक गरम असला तर भाजते, आणि फोडांसाठी रात्री लावायचे मलम चालू असेल तर केसाबरोबर सालही निघते.

केस विरघळवणारे क्रीम कसे चालते ते शेतकऱ्याच्या बायकोला लवकर समजेल. कातडे कमावताना ते चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सोडवतात, क्रीम त्याच जातीचे. त्यातला गंधकी क्षार केसाचे सांधे सोडवतो, म्हणून त्याला तो कुजका वास. पण कातडीही केसाच्याच जातीच्या पदार्थाची बनलेली आहे. पुडीवर पाच मिनिटे लिहिली असतील तर सहावे मिनिट कातडीच्या खात्यावर पडते. चेहऱ्यासाठी असे स्पष्ट छापलेले असेल तेच घ्या, आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून पाहा, बोर्डोपेस्टच्या चुन्याने हात भाजलेल्यांनी तर विशेष जपा. मी हे पुस्तकातून सांगत नाही. कॉलेजात असताना आठवडी बाजारातून केस काढायची सुट्टी पुडी मी आणली होती, कागदावर ना नाव ना गाव. वरचा ओठ आठ दिवस भाजून सोललेला होता, आणि मी वर्गात तोंडाला रुमाल लावून "दात दुखतो" म्हणत बसत होते. अशा सुट्ट्या पुड्यांत बेरियमचे विषारी क्षार सापडले आहेत. जुन्या काळी हरताळ आणि चुना कालवून लावत, हरताळ म्हणजे सोमलाचाच भाऊ.

परदेशातल्या शहाण्या माणसांनीही या पायी कमी खस्ता खाल्लेल्या नाहीत. १९३०च्या सुमारास अमेरिकेत कोरेमलू नावाचे केस घालवायचे क्रीम खपत होते. त्यात थॅलियम होते, उंदीर मारायचे औषध. कित्येक बायका पांगळ्या झाल्या, काहींची दृष्टी गेली. त्याच्या थोडे आधी केसांवर क्ष-किरण सोडणारी यंत्रे निघाली होती. केस गेले, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच चेहऱ्यांवर कर्करोग उठला. बाईला चेहऱ्याची लाज वाटते हे ओळखणारे दुकानदार सगळ्या देशांत असतात.

आपल्या मुलीला मिळालेली ट्यूब त्याच माळेतली. ती स्टेरॉइडची होती, थोडे दिवस विशिष्ट रोगावर लावायची. गोरेपणासाठी महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल पडते आणि केस वाढवते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठीचे विचारतो कोण, हे तुम्हीही जाणता आणि मीही. २०२३ साली आपल्या अकोल्याची बातमी आली होती. पार्लरमधून घेतलेले गोरेपणाचे क्रीम एकाच घरातल्या तिघींनी लावले आणि तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, क्रीममध्ये पारा निघाला. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहायला मी तुम्हाला वीस वर्षे शिकवत आले. तोंडाला लावायच्या डब्यावरही तीच नजर टाका. कंपनीचा पत्ता नाही, घटक छापलेले नाहीत, तर तो डबा कितीही सुवासिक असो, घरात नको.

हळद, बेसन, मसुराचे पीठ यांनी कातडी स्वच्छ होते, केस जात नाहीत. बाळाच्या अंगावरून कणकेचा गोळा फिरवतात, पण ती लव काही महिन्यांत आपोआप गळतेच. श्रेय फुकट कणकेला. ब्लीचने केस जात नाहीत, फिके होतात. लव काळसर असलेल्या मुलीला तेवढेही पुरते. ते पुडीवरच्या वेळेपुरतेच ठेवावे, आणि त्या दिवशी उन्हात निंदायला जाऊ नये.

लेसरबद्दल हल्ली फार विचारणा होते, म्हणून थोडे सविस्तर. लेसर म्हणजे एकाच रंगाच्या उजेडाचा जोरदार झोत. तो केसातल्या काळ्या रंगाने शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि मूळ भाजते. रुंद पानाचे तण मारणारे औषध जसे गव्हाला सोडून बथुआ मारते, तसा हा काळे तेवढे मारतो. यातून तीन गोष्टी निघतात. पांढऱ्या केसावर तो चालत नाही. आपली कातडी सावळी, तिच्यातही काळा रंग आहे, म्हणून चुकीच्या यंत्राने किंवा चुकीच्या हाताने कातडीच भाजते आणि डाग राहतात. सावळ्या कातडीसाठी खोल जाणारे लांब लहरींचे यंत्र लागते, आणि चालवणारा त्वचेचा डॉक्टर किंवा त्याच्या नजरेखालचा माणूस असावा. तिसरी गोष्ट, केस सगळे एका वेळी वाढीला लागलेले नसतात. काही वाढतात, काही झोपलेले असतात. पहिल्या पावसाने सगळे तण उगवते काय? एक निंदणी झाली की दुसरा फेर उगवतो. लेसरला वाढीतलाच केस सापडतो, म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. हे आधी विचारात घेऊन पैसे बांधा. दोन बैठकांनंतर पैसे संपले म्हणून सोडले तर पेरून निंदलेच नाही असे होते.

शेतात राबणाऱ्या बाईने लेसर वैशाखात सुरू करू नये, कातडी रापलेली असताना भाजण्याचे भय जास्त. नुसत्या लवीवरही लेसर नको, सावळ्या रंगाच्या काही जणींना त्याने उलट केस वाढतात. आणि आतले संप्रेरक बिघडलेले असताना लेसर केले तर नवे केस येतच राहतात. धुऱ्यावर काशा ठेवून वावर नांगरण्यातला प्रकार. विजेच्या सुईने एकेक केसाचे मूळ जाळण्याची जुनी पद्धत आहे. १८७५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने आत वळलेल्या पापण्यांसाठी ती काढली. फार सावकाश आणि चिकाटीची, पण पांढऱ्या केसावरही चालते.

पोटातून घ्यायच्या औषधांबद्दल नावे सांगून मी तुम्हाला दुकानात पाठवणार नाही. पाळी वळणावर आणणाऱ्या गोळ्या असतात, पुरुषी संप्रेरकाचा जोर कमी करणाऱ्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो, म्हणून लग्न ठरलेल्या किंवा झालेल्या मुलीने ते डॉक्टरांना आधी सांगावे. आणि गोळीने आहेत ते केस गळत नाहीत. नवे राठ होणे थांबते, तेही सहा महिन्यांनी दिसू लागते. संत्र्याचे कलम लावून वर्षाने फळ मागणारा शेतकरी मी पाहिला नाही, पण गोळीचे फळ आठ दिवसांत मागणाऱ्या आया पुष्कळ पाहिल्या. जायचे कुठे हा प्रश्न पडला तर गावच्या आशाताईंना विचारा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक चालवतात, तिथे मुलीला तिचे तिला बोलता येते. नागपूरला मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे. मुलीला नेताना तिच्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्या, आणि लावलेल्या सगळ्या ट्यूबा-डबे पिशवीत घालून न्या.

आणि काहीच न करणे हाही एक उपाय आहे, तो मी सगळ्यांत खालचा धरत नाही. आतला रोग नाही याची खात्री झाली, आणि केस असण्याने त्या बाईला काही वाटत नसेल, तर तिने ते ठेवावेत. वाटते की नाही हे मात्र तिने ठरवायचे, सासूने नाही, पाहायला आलेल्या पाहुण्यांनी नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशच्या बोर्डात दहावीला एक मुलगी राज्यात पहिली आली. वर्तमानपत्रांत फोटो छापून आला, आणि लोकांनी तिचे गुण सोडून तिच्या ओठावरचे केस मोजले. मोबाइलवरून देशभर तिची थट्टा झाली. एखाददोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, कोणी ओळखले तर नसते, असे त्या पोरीने सांगितले. पहिली आलेल्या पोरीच्या तोंडून हे निघावे! ती बातमी मी सभेत वाचून दाखवली तेव्हा एक म्हातारे पाटील म्हणाले, "त्या हसणाऱ्यांचे गुण किती होते ते छापा म्हणा."

आता आमच्या मुलीचे. मेडिकलमध्ये रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, पीसीओडी निघाली. ट्यूब बंद केली तेव्हा पहिले काही आठवडे तोंड आणखीच भडकले. ट्यूब सुटली की तसे होते, डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण आईचा धीर सुटला, "पहिलीच बरी व्हती" म्हणाली. मुलीने मात्र ट्यूबला हात लावला नाही. गोळ्या चालू झाल्या, रोज संध्याकाळी ती बापाबरोबर बैलांना पाणी पाजायला नदीपर्यंत चालत जाऊ लागली. केस पुरते गेलेले नाहीत. हनुवटीखालचे ती आठवड्यातून दोनदा स्वतः पात्याने काढते, ओठाला महिन्यातून एकदा धागा. लेसर करायचे तिच्या मनात आहे, कापसाचे चुकारे झाल्यावर पाहू म्हणते. गेल्या वर्षी राहिलेली बारावी दिली. परवा सावनेरच्या बसस्टँडवर भेटली, ओढणी खांद्यावर होती. माझ्याच हनुवटीकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमचा एक राह्यला जी इथं." पर्समधला चिमटा तिच्या हातात दिला. तिथेच, बसच्या आरशात पाहून, तिने तो काढून दिला.

ज्या ताईंनी पत्र लिहिले त्यांना एक सांगायचे राहिले. तुमचे वय पत्रात नाही. पंचविशीच्या असाल तर आधी पाळीचा हिशेब पाहा आणि दवाखान्यात जा. पन्नाशीच्या असाल तर चिमटा पुरेल. सत्तरीच्या असाल तर कदाचित डोळ्यांना तो केस दिसतही नसेल, फक्त बोटाला लागत असेल. माझ्या सासूबाई ऐंशीच्या आहेत. दर रविवारी सकाळी ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसतात, हनुवटी वर करतात आणि हाक मारतात, "सूनबाई, पाह्य गं, कालपासून टोचून राह्यला." मी चष्मा लावते, चिमटा पुसते. केस पांढरा असतो, सापडायला वेळ लागतो. तोवर त्या बोलत नाहीत, हलत नाहीत.